एका केळीला दोन घड

हाती घेतलेलं काम मी अर्ध्यावर सोडत नाही! हे वाक्य मी सोमवारी सकाळी पोळ्या लाटता लाटता, लाटणं हवेत धरून, घरात जाहीर केलं. घरात म्हणजे आमच्या ह्यांच्यासमोर. ऐकायला दुसरं होतं कोण? मुलगी इंदूरला शिकायला गेलेली, सासूबाई बहादरपूरला मोठ्या दिरांकडे.

हे शाळेत गणित शिकवतात. वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता त्यांनी उजळणी सुरू केली. "शिवणकाम, बाह्यांपर्यंत. हार्मोनियम, 'सा रे ग'पर्यंत. इंग्रजी बोलणं, 'माय नेम इज'पर्यंत. ब्यूटीपार्लर, एका भुवईपर्यंत."

"त्या भुवईचा विषय काढायचा नाही!" मी ओरडले. कारण ती भुवई ह्यांच्या सख्ख्या बहिणीची होती, आणि तिचं लग्न तेव्हा चार दिवसांवर आलं होतं.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? माझ्या पायाला भिंगरी आहे. एका जागी दहा मिनिटं बसले की मला मुंग्या येतात, आणि त्या पायाला नव्हे तर अख्ख्या मला येतात. सासूबाईंनी (नाव त्यांचं मालूबाई) मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी 'आरंभशूर' ही पदवी देऊन टाकली होती. वीस वर्षांत तीच एक पदवी मी पूर्ण मिळवली.

पण या वेळी गोष्ट वेगळी होती. बऱ्हाणपुरात शनवारा भागातल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर मी ग्राफिक्स आणि ॲनिमेशनचा सहा महिन्यांचा कोर्स लावला होता आणि चक्क साडेपाच महिने टिकले होते! वर्गातली सगळी पोरं माझ्या मुलीच्या वयाची. मला 'आंटी' म्हणायची आणि माझा माऊस रुसला की धावत यायची. आता शनिवारी दोन प्रोजेक्ट द्यायचे आणि सर्टिफिकेट घ्यायचं, की झालं. ते फ्रेम करून बैठकीत कुठे लावायचं, तो खिळासुद्धा मी ठोकून ठेवला होता.

आमचे योगेंद्र सर भोपाळचे. वयाने माझ्या भाच्याएवढे. इथे येऊन सहा महिने झाले तरी मावा जिलेबी सोडून बऱ्हाणपूरचं त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांनी फळ्यावर एक आणि दोन असे आकडे लिहिले.

"देखिए, प्रोजेक्ट एक. ऐसी फ़ोटो बनाओ जो दुनिया में हो ही नहीं सकती, पर देखने वाला मान जाए. प्रोजेक्ट दो, लूप. हिलती हुई तस्वीर, जिसका सिरा न मिले. कहाँ शुरू, कहाँ ख़तम, पता ही न चले. समझे?"

पोरं समजली. एकाने हत्तीला पंख लावले. एकाने राजघाटावर ताप्तीत शार्क सोडला. मी मनात म्हटलं, हे कोण मानेल रे बाबांनो? खोटं असं पाहिजे की जाणत्यानेही खाली मान घालून मानावं!

आणि मला सुचलं. स्वयंपाकघरात टांगलेल्या केळ्यांकडे बघूनच सुचलं. आमच्या भागात शेंबडं पोरही सांगेल की केळीचं झाड जन्मात एकदा निसवतं, एकच घड देतं आणि त्याचं काम संपतं. एका केळीला दोन घड? म्हणजे पश्चिमेला सूर्य उगवल्यासारखं. मी करणार होते दोन घड!

मंगळवारी सकाळी स्कूटी काढली आणि थेट फोपनार गाठलं. तिथे माझ्या मोठ्या भावाची, सुकलालभाऊची, केळीची बाग आहे. हा माझा भाऊ म्हणजे माझ्या अगदी उलट. दोघांत मिळून देवाने जेवढी चुळबूळ दिली होती ती सगळी मी घेऊन आले, आणि दोघांत मिळून जेवढी शांती होती ती तो घेऊन बसला. दिवसाला चार शब्द बोलतो, सणाच्या दिवशी सहा.

"भाऊ, या झाडाजवळ उभा राहा. फोटो काढते. अभ्यासासाठी आहे."

"बरं."

मी फोटो काढला. मग लूपसाठी दहा सेकंदांचा व्हिडिओ काढला. केळीची पानं हलत होती, ठिबकच्या नळीवर एक सरडा मान हलवत होता, पण भाऊ हलला नाही. पापणीसुद्धा नाही. व्हिडिओ संपल्यावरही तो तसाच उभा.

"झालं भाऊ."

"बरं." मग थोडं थांबून म्हणाला, "शुक्रवारी कापणी." त्या दिवसाचा कोटा त्याने माझ्यावरच खर्च केला.

कापणीचं तुम्हाला सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं रामायण तिथेच आहे. केळी हिरवी असतानाच कापावी लागते. एप्रिलचं ऊन म्हणजे भट्टी. ठरलेला दिवस चुकला की घड झाडावरच पिवळा पडायला लागतो, आणि पिवळ्या मालाला गाडीवाला हातही लावत नाही. मग वर्षभराची मेहनत गुरांपुढे टाकायची. भावाची वर्षभराची कमाई त्या एका शुक्रवारावर होती.

घरी आले आणि कामाला लागले. घडाची नक्कल काढली, दुसऱ्या बाजूला चिकटवली, सावली दिली, देठ जुळवला. किती वेळा उठले, किती वेळा बसले, किती वेळा उगाच फ्रीज उघडून पाहिला, मोजदाद नाही. पण बुधवारी दुपारी फोटो असा झाला की माझा मलाच विश्वास बसेना! लूप तर त्याहून भारी. मी केळीला कमरेतून वाकवलं. ती हळूच खाली वाकते, दोन्ही घड झुलतात, आणि परत उभी राहते. वाकते, उभी राहते. सांधा कुठे आहे ते मलाही सापडेना.

आता हे कुणाला तरी दाखवल्याशिवाय माझ्याच्याने राहवणार होतं का? हे शाळेत होते. मग म्हटलं, परीक्षा घ्यायची तर मोठीच घेऊ. सासूबाई! चाळीस वर्षं केळीत काढलेली बाई. ती फसली तर जग फसलं. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "आई, यात काही वेगळं दिसतं का?"

पाचच मिनिटांत उत्तर आलं. शब्द एकही नाही. नुसते जोडलेले हात!

मी खुर्चीतून उडाले. वीस वर्षांत सासूबाईंनी मला पहिल्यांदा हात जोडले होते! माझ्या कलेला! मी तो फोन छातीशी धरून घरभर दोन फेऱ्या मारल्या. त्या आनंदात 'आई, हे खोटं आहे बरं का' एवढं लिहायचं राहून गेलं. एवढंच राहिलं होतं हो!

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता भावाचा फोन. भावाने स्वतःहून फोन केला म्हणजे कुणीतरी गेलं, असंच आमच्याकडे समजतात.

"वैजू. बाया आल्यात."

"कोणत्या बाया?"

"सगळ्या."

आणि फोनमधून मला टाळांचा आवाज ऐकू आला.

मग एकेक उलगडा झाला. सासूबाईंनी फोटो कुसुमबाईंना पाठवला होता. कुसुमबाई म्हणजे राजघाटावर ताप्तीची आरती करणाऱ्या भजनी मंडळाच्या प्रमुख. त्यांच्या ग्रुपात दोनशे बाया, आणि त्या दोनशे जणींच्या माहेरचे, सासरचे, भिशीचे ग्रुप वेगळे. त्यात वार कोणता? गुरुवार! गुरुवारी आमच्याकडे अर्ध्या बाया केळीची पूजा करतात, हरभऱ्याची डाळ आणि गूळ वाहतात, त्या दिवशी केळं तोंडात घालत नाहीत. ऐन बुधवारी दुपारी मी त्यांच्या हातात दोन घडांची केळ दिली होती. आयतं कोलीत!

"भाऊ, त्यांना सांग की असं झाड नाही!"

"सांगतलं."

"मग?"

"म्हनतात, तूच तर उभा हाय फोटोत."

यावर तुम्हीच सांगा, तो बापडा काय बोलणार? झाडाचा मालक जिवंत समोर उभा राहून सांगतोय की झाड नाही, आणि बाया त्याला त्याचाच फोटो दाखवतायत! कुणी म्हणालं, हा झाड लपवतो. कुणी म्हणालं, लपवत नाही, मौन आहे याचं. आणि एकदा मौन हा शब्द निघाल्यावर सुकलालभाऊच्या पाया पडायला रांग लागली. भाऊ गोंधळून खांबासारखा उभा राहिला. तो जितका स्तब्ध, तितकी रांग लांब!

मी घरात गरागरा फिरत होते. काहीतरी करायला हवं, आत्ताच्या आत्ता! आणि मला ती युक्ती सुचली. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या संकटांची सुरुवात 'मला युक्ती सुचली' इथूनच होते. म्हटलं, त्यांना लूप पाठवते. केळीचं झाड कमरेतून वाकून नमस्कार करताना पाहिलं की कुणाही शहाण्या माणसाला कळेल, हा कॉम्प्युटरचा खेळ आहे. झाड कधी वाकतं का?

कुसुमबाईंना लूप पाठवला. आणि मग खाली सविस्तर लिहायला घेतलं, "कुसुमबाई, सप्रेम नमस्कार. हे चित्र मी माझ्या अभ्यासक्रमासाठी..." अभ्यासक्रमातला 'क्र' काही केल्या उमटेना. तो उमटेपर्यंत लूप सातपुड्यापर्यंत पोहोचला होता. चित्र पुढे गेलं, मजकूर मागे राहिला.

दुपारी सासूबाईंचा फोन आला. आवाज भरून आलेला.

"वैजंती, पाह्यलं का वं? केळ नमस्कार करते!"

"आई, ते मी..."

"मी मोजून राहिले. एकशे आठ झाले, माळ पुरी झाली, तरी थांबे ना! आता दुसरी माळ धरली. माह्या जपात बोलू नको." आणि फोन बंद.

सिरा मिळता कामा नये, असं सर म्हणाले होते. सासूबाईंना मिळाला नाही. प्रोजेक्ट उत्तम झाला होता!

संध्याकाळी हे घरी आले तेव्हा मी सोफ्याच्या हातावर बसले होते, कारण सोफ्यावर बसवत नव्हतं. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"अगं, पण इतक्या झाडांत त्यांना ते एक झाड सापडलं नाही, तर पूजा कशाची केली?"

हे मला सुचलंच नव्हतं. मी वहिनीला फोन लावला.

"ताई, सापडलं नाही म्हनूनच तं!" वहिनी रडकुंडीला आली होती. "कोनतं झाड ते कळे ना, तं कुसुमबाई म्हने, एक सुटलं तं पाप लागीन. सगळ्याच झाडांले नाडाछडी बांधली. सगळ्या बागीले! बाजारातली नाडाछडी सरली तं साड्यांचे काठ फाडले! आता कापनीवाले उद्या काय करतीन?"

नाडाछडी म्हणजे पूजेचा तो लाल-पिवळा धागा. तो ज्या झाडाला बांधलाय त्याच्यावर विळा चालवायला आमच्याकडे कोण धजतं? आणि उद्या शुक्रवार!

सकाळी ह्यांनी रजा टाकली. मी लॅपटॉप पाठीला लावला आणि आम्ही दोघं स्कूटीवरून निघालो. वाटेत बहादरपूरला सासूबाईंना घेतलं. स्कूटीवर तिघं! मधे सासूबाई, हातात माळ. फोपनारपर्यंत त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली, "हळू चालव."

बागेत पोहोचलो आणि माझे पाय जमिनीला खिळले. हो, माझे! बांधापासून विहिरीपर्यंत एकेक खोड लाल-पिवळं. वाटेवर गाडी उभी. कापणीची टोळी सावलीत बसलेली, विळे जमिनीवर आडवे. टोळीचा मुकादम कडू बिडी ओढत होता.

"कडूभाऊ, काप ना रे!" मी हात जोडले.

"बाई, मले लेकरं हायेत," तो म्हणाला. "बांधेल झाड मी कापत नाही. सोडा म्हना त्याहिले, मंग कापतो."

बाया सोडायला तयार नव्हत्या. कुसुमबाई सतरंजीवर बसून सांगत होत्या, की ही बाग आता देवाची, इथे पाच गुरुवार विळा लागणार नाही. पाच गुरुवार! पाच दिवसांतच बाग पिवळी झाली असती.

भाऊ पहिल्या ओळीत एका झाडाखाली उभा होता. कुणीतरी त्याच्या कपाळाला हळद लावलेली, गळ्यात झेंडूची माळ. तो घड हाताने चाचपत होता. मला पाहून त्याने एक केळं बोटाने दाखवलं. टोकाला पिवळी झाक आली होती. ओरडला असता तर बरं झालं असतं! पण तो नुसता त्या केळ्यावरून अंगठा फिरवत राहिला, आणि मला रडू फुटलं. माझ्या दोन घडांपायी याचे सगळे घड चालले होते.

"हे मी केलंय!" मी सतरंजीसमोर जाऊन ओरडले. "हे झाड नाहीच! हा घड मी चिकटवलाय. कॉम्प्युटरवर!"

टाळ थांबले. कुसुमबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "दाखव."

लॅपटॉप उघडला. बॅटरी अकरा टक्के. रात्रभर चार्जिंगला लावला होता, फक्त भिंतीवरचं बटण दाबायचं राहिलं होतं. त्यात उन्हाने स्क्रीनवर काळोख. मग बायांनी ती सतरंजीच उचलली आणि आमच्या डोक्यावर धरली. आत मी, कुसुमबाई, सासूबाई, मुकादम कडू, शिवाय बारा-पंधरा बाया. एप्रिलमध्ये. सतरंजीखाली.

"बघा हं. हा दुसरा घड. आता मी इथे बटण दाबते." दाबलं. घड गायब.

सतरंजीखाली एकदम किंचाळी उठली.

"घड कुठी गेला?"

"मी लपवला. तो नव्हताच!"

"आत्ता होता, मी माह्या डोळ्यानं पाह्यला! परत आन! आधी परत आन!"

घाबरून मी परत आणला. मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "हिच्या बोटात हाय वं." आणि पुढच्या क्षणी तीन जणी माझं बोट कपाळाला लावत होत्या! मी हात ओढते, त्या सोडत नाहीत. बाहेरून ह्यांचा आवाज, "अगं, बॅटरी किती?" सहा टक्के!

"सरका," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी पिशवीतून चष्मा काढला. काल दिवसभर त्यांनी चष्म्याविना, नखाएवढ्या स्क्रीनवर ते झाड पाहिलं होतं. आता पहिल्यांदा त्यांच्यासमोर तो फोटो परातीएवढा झाला होता. त्यांनी नाक स्क्रीनला टेकवलं. आधी डावा घड फणी-फणीने, म्हणजे केळ्यांच्या एकेका झुबक्याने, पाहिला, मग उजवा. मग पुन्हा डावा. माळ हातातच थांबली.

"कडू," त्या म्हणाल्या, "या घडाची तिसरी फनी पाह्य. खारीनं कुरतडेल हाय, दुसऱ्या केळ्याले."

"हो मालूबाई. हाय."

"आता या घडाची तिसरी फनी पाह्य."

कडू वाकला. बिडी कानावर ठेवून त्याने दोन्हीकडे पाहिलं. "तिसरीच फनी. दुसरंच केळं. तेवढंच कुरतडेल."

"खार मोजपट्टी घिसन आली होती काय?" सासूबाई कडाडल्या. "चाळीस वर्सं घड पाह्यले मी. सख्ख्या पोटचे दोन लेकरं सारके नसतात, आन् हे घड तंतोतंत? चल, ते झाड धुंड!"

सतरंजी तशीच टाकून सगळी वरात बागेत घुसली. कडूला पंचवीस वर्षांची नजर. चौथ्या ओळीत, ठिबकच्या चावीपाशी तो थांबला. तेच झाड, तेच वाकडं पान, तिसऱ्या फणीला खारीचे दात. आणि घड एक! दुसऱ्या बाजूला नुसतं खोड, त्याला नाडाछडी.

सासूबाई पुढे झाल्या. झाडाला हात लावून त्यांनी तो हात कपाळाला लावला, नाडाछडीची गाठ सोडली, धागा घडी करून कमरेला खोचला.

"देवाचं असतं तं मी जीव देल्ला असता, पन सोडली नसती," त्या म्हणाल्या. "हे माह्या सुनेचं हाय. काप!"

कडूने विळा उचलला. मग एकेक बाई आपण बांधलेली गाठ शोधून सोडायला लागली. कुसुमबाई मात्र माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "मी कालपासून निर्जळी उपास धरेल हाय," एवढंच म्हणाल्या आणि माझ्याच पाण्याच्या बाटलीतून घटाघटा पाणी प्यायल्या. त्यांच्या नजरेला नजर द्यायची माझी हिंमत झाली नाही.

उन्हं कलायच्या आत गाडी भरली. पिवळी झाक आलेले पाच-सहा घड मागे राहिले, बाकी सगळा माल हिरवागार गेला. गाडी वळणाआड गेल्यावर भाऊ माझ्याजवळ आला. गळ्यातली माळ अजून तशीच.

तो म्हणाला, "आता पपईचा फोटो काढ. दुसऱ्याच्या वावरात."

सहा शब्द! सण नसताना!

परत येताना सासूबाई पुन्हा मधे बसल्या होत्या. बहादरपूर आल्यावर उतरल्या, पदर सारखा केला आणि इकडेतिकडे बघत पुटपुटल्या, "खोटं होतं. पन हुबेहूब होतं. मले फसवलं म्हंजे..." पुढचं त्यांनी गिळलं. जाता जाता मागे वळून म्हणाल्या, "हे मातर पुरं कर."

आता मला सांगा, यापुढे सर्टिफिकेट म्हणजे काय हो? नुसता कागद! ज्या फोटोने अख्खं फोपनार पालथं घातलं, त्याला कोण नापास करणार होतं? शनिवारी मी ठेवणीतली साडी नेसून शनवाऱ्यात गेले. घरून निघताना तो खिळा हलवून घट्ट आहे ना ते पाहिलं.

योगेंद्र सरांनी फोटो उघडला. जवळून पाहिला. लांबून पाहिला. मान तिरकी केली.

"मैडम, एडिटिंग किधर है?"

मी विजयाने हसले. "दिसत नाही ना सर?"

"नहीं, मतलब, आपने ओरिजिनल फ़ोटो भेज दी क्या? इसमें ऐसा क्या है जो हो नहीं सकता?"

"सर! दोन घड! एका केळीला दोन घड!"

"हाँ, तो?" सर म्हणाले. "पेड़ है, फल तो लगेंगे. आम पे देखो कितने लगते हैं."

मी त्यांना समजावलं. केळ, जन्म, एकच घड, सगळं सांगितलं. सर डोळे मोठे करून ऐकत होते. "अच्छा? एक ही बार?" म्हणाले, "इंटरेस्टिंग." आणि वहीत लिहिलं, 'बदलाव नहीं दिखा. दोबारा.' पंखवाल्या हत्तीला पैकीच्या पैकी!

"सर, निदान लूप बघा," मी रडवेल्या आवाजात म्हटलं.

लूप लागला. केळ वाकली, उभी राहिली. सर खूष झाले. "वाह! पेड़ एकदम रियल. जोड़ भी नहीं दिख रहा." माझा जीव भांड्यात पडतोय तोच त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "पर ये जो आदमी है ना मैडम, ये फ़ेक लग रहा है. साफ़ दिख रहा है कि कहीं से काटकर चिपकाया है. दस सेकंड तक कोई ज़िंदा आदमी ऐसे बिना हिले खड़ा रहता है क्या? इसको ठीक कीजिए, फिर सर्टिफिकेट."

त्या अख्ख्या लूपमध्ये खरं असं तेवढंच होतं हो! माझा सख्खा भाऊ!

काय करणार? पुरं करायचं तर होतंच, सासूबाईंनी बजावलं होतं. मी जिन्यातूनच फोपनारला फोन लावला. वहिनीने उचलला आणि भावाच्या कानाला धरला.

"भाऊ, मी आहे. रविवारी येते. फोटो नाही काढायचा, दहा सेकंदांचा नुसता व्हिडिओ. तू फक्त थोडंसं हलायचं. एवढंच. हलशील ना?"

पलीकडे शांतता. मला सवय आहे, मी थांबले. बराच वेळ थांबले.

"भाऊ? ऐकतोय ना?"

"ताई," वहिनीचा आवाज आला, "ते केव्हाचे गेले. तुमचं नाव आयकलं आन् मागच्या दारानं पळाले. लगनापासून एवढ्या जोरात कधी पळताना नाही पाह्यलं मी त्याहिले!"

हलला! आणि व्हिडिओ काढायला तिथे कुणी नव्हतं. खिळ्याला सध्या ह्यांची छत्री लावली आहे.